बालशिक्षणाचा जमाखर्च : लेखांक पाचवा – शिकविण्याचा तास कोणाच्या खात्यावर?

तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पामुळे लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव पाटबंधारे खात्याच्या दफ्तरात कायमचे नोंदले गेले आहे. पावसाळ्यात धरणाची पातळी कोठवर आली, उपयुक्त साठा किती टक्के झाला, दरवाजे उघडावे लागले की नाही, याची खबर रोजच्या रोज कचेरीत पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापूनही येते. राज्यात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. त्यांपैकी कोणत्याही एकीत चार वर्षांच्या मुलाशी आज कोणी किती वेळ बोलले, त्याला गोष्ट सांगितली की नाही, याची खबर मात्र अशी छापून आल्याचे कोणी पाहिलेले नाही. गेल्या आठवड्यात आपण बालशिक्षणाच्या तत्त्वांचा विचार केला. आज त्याच्या पैशाचा विचार करावयाचा आहे, आणि माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. सरकारी तिजोरी भिंतीसाठी उघडते, धान्यासाठी उघडते, परंतु ज्या एका गोष्टीवर या शिक्षणाचा दर्जा अवलंबून असतो, म्हणजे अन्य कामांतून मोकळी असलेली, मुलांसाठीच नेमलेली बाई, तिच्यासाठी अंदाजपत्रकात रकानाच नाही.

गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले आणि १९२६ मध्ये ताराबाई मोडक यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, तेव्हा माकणीचा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. पुढे ताराबाईंनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, आणि माँटेसरीबाईंच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने आणि माती यांनीच मोजणे, जुळविणे व ओळखणे शिकवावे, ही त्यांची पद्धत राज्यकर्त्यांना फार आवडली; माझा असा संशय आहे, की आवडण्याचे मुख्य कारण तिचा स्वस्तपणा हेच असावे. परंतु कोसबाडला स्वस्त होती ती साधने. तेथील शिक्षिका तयार करण्यासाठी ताराबाई आणि अनुताई यांनी आयुष्ये खर्ची घातली होती, आणि हा खर्च कोणत्याही खातेवहीत चढला नाही, एवढ्यावरून तो झालाच नाही असे समजणे ही हिशेबातील चूक होय.

ती चूक पुढे योजनेच्या पायातच बसली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत, आणि आपल्या राज्यात मेळघाटातील धारणी येथे, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांचे आरोग्यशिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा अंगणवाडीतील एकाच सेविकेच्या पदरात घालून, मॅट्रिक झालेलीस दरमहा १५० आणि न झालेलीस १०० रुपये मानधन ठरविण्यात आले. कोणतीही व्यवहारी स्त्री अशा वेळी जे करील तेच तिने केले: ज्या कामांची तपासणी होते ती आधी उरकली, आणि ज्याची होत नाही ते राहिलेल्या वेळेवर सोडले.

भिंतींना पैसा मिळतो याचा दाखला लोहारा तालुक्याइतका अन्यत्र क्वचितच सापडेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा परिसर भूकंपाने जमीनदोस्त झाल्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. आजही अंगणवाडीची इमारत बांधावयाची झाल्यास १२ लाख रुपयांचा आकार ठरलेला आहे, आणि त्यांतील ८ लाख रोजगार हमीतून उभे राहतात.

आहाराचाही दर ठरलेला आहे. २०१७ साली तो प्रत्येक मुलामागे दररोज ८ रुपये करण्यात आला; त्यात ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असून निम्मा भार केंद्राचा व निम्मा राज्याचा असतो. केंद्राने २०२४-२५ मध्ये या सर्व कार्यासाठी सुमारे २१,२०० कोटी रुपयांची तरतूद केली. आकडा ऐकून छाती दडपते खरी, पण देशातील सुमारे चौदा लाख अंगणवाडी केंद्रांवर तो वाटला असता एका केंद्राच्या वाट्यास वर्षाकाठी दीड लाखच येतात.

मानधन वाढत वाढत २०२३ मध्ये राज्यात दरमहा १०,००० रुपयांपर्यंत आले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू झालेला सेविका-मदतनिसांचा संप पन्नास दिवसांवर चालला. या स्त्रियांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. २०२१ साली तर सरकारने दिलेले मोबाइल त्यांनी परत नेऊन दिले, कारण ते नीट चालत नव्हते आणि त्यांवर नोंदी भरावयाचे ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप इंग्रजीत होते. वजने, घरपोच आहार, लसीकरणाचा दिवस, सर्वेक्षणे आणि शिवाय हा यंत्राचा व्याप आटोपल्यावर शिकविण्यास उरतो किती वेळ?

याचे उत्तर तमिळनाडूत मिळाले आहे. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील ६४० अंगणवाड्या घेऊन, सोडत काढून निवडलेल्या निम्म्या केंद्रांत केवळ शिकविण्यासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती दिली. शिकविण्याचा वेळ दिवसाला ३८ मिनिटांवरून ७६ मिनिटांवर गेला. मुलांची भाषेतील व गणितातील प्रगती वाढली. आणि ज्याची कोणी विशेष अपेक्षा केली नसेल ते असे, की जुन्या सेविकेस उसंत मिळाल्यामुळे कुपोषणही घटले. आहार की शिक्षण, हा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षे घातला जातो. त्या वादाचा निकाल लावण्यास एका जादा माणसाची नेमणूक पुरली.

महाराष्ट्राने हेच केले तर? दरमहा ५,००० रुपये मुशाहिरा धरून एक लाख दहा हजार केंद्रांचा वार्षिक खर्च ६६० कोटी होतो. राज्याचे २०२४-२५ चे अंदाजपत्रक सहा लाख कोटींच्या वरचे होते, तेव्हा ही रक्कम त्याच्या सुमारे एक दशांश टक्का भरते. प्रशिक्षणाचा खर्च निराळा धरावा लागेल, हे कबूल. तथापि लोहारा ज्यात येतो तो धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा केंद्र सरकारने २०१८ साली निवडलेल्या राज्यातील चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक असल्यामुळे, आरंभ करावयाचाच तर लोहारा तालुक्यापासून करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण दिसत नाही.

आता प्रश्न उरतो कायद्याचा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात केवळ राज्याने प्रयत्न करावा असे म्हटले आहे, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने या वयाला शालेय रचनेत स्थान दिले असले तरी त्या स्थानामागे हक्काची दाद मागण्याची सोय नाही. या पोकळीत फी घेऊन चालणारे इंग्रजी बालवर्ग कसे वाढले, हे पुढील लेखांकात पाहू.