कॅमेरे मेल्यावरच का येतात?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. उजाडताच मंत्री आले, मुख्यमंत्री पायी चढून गेले आणि त्यांच्यामागे वाहिन्यांचे कॅमेरे चढले. तोवर त्या ठाकरवाडीकडे कोणत्या कॅमेऱ्याचे लक्ष गेले होते? लोधिवली, चौक, खोपोली या जुन्या मुंबई-पुणे हमरस्त्यावरून रोज हजारो गाड्या जातात. इर्शाळगडाचा सुळका सगळ्यांना दिसतो. त्या उतारावर माणसे राहतात, रस्ता नसल्यामुळे दाणापाणी डोक्यावर वाहून नेतात, हे कोणाला दिसत नव्हते. जेसीबी वर चढू शकत नाही हे सरकारला माणसे गाडली गेल्यावर कळले. वाडीतल्या बाईला ते सरपणाच्या प्रत्येक भाऱ्यागणिक ठाऊक होते.

गरीब मेला की बातमी होते; तो रोज कसा राबतो याची होत नाही. ही उणीव दक्षिण आफ्रिकेतील काळ्या कलावंतांनी आपल्या देशापुरती भरून काढली. आफ्रिका रायगड जिल्ह्याला परकी नाही, जंजिऱ्याच्या सिद्दींचे मूळ तिथलेच. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील काळ्यांचे विचारवंत नेते ड्यूबॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ ची दलित पँथर तर ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच उभी राहिली. काळ्यांचे साहित्य आपण वाचले, त्यावर परिसंवाद झडले. त्यांची चित्रे मात्र आपण पाहिली नाहीत.

जेरार्ड सेकोटो हा १९१३ साली जन्मलेला चित्रकार. जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन या काळ्यांच्या वस्तीत तो राहिला आणि तिथल्या पिवळ्या घरांचे, रस्त्याचे, माणसांचे चित्रण त्याने केले. १९४० मध्ये शहराच्या कलादालनाने त्याचे एक चित्र विकत घेतले. काळ्या माणसाचे चित्र त्या दालनाने घेतल्याची ती पहिलीच वेळ. चित्राला जागा मिळाली. पण चित्रकाराच्या जातभाईंना त्याच शहरात पासाशिवाय फिरण्याची मुभा नव्हती! (आपल्याकडे मूर्ती घडवणाऱ्याला गाभाऱ्यात प्रवेश नसतो, त्यातलाच हा प्रकार.) १९४७ च्या सुमारास त्याने टिकाव चालवणाऱ्या मजुरांचे चित्र काढले. काळ्या मजुरांची रांग एका लयीत टिकाव उगारून उभी आहे आणि गोरा मुकादम निवांत पाइप ओढतो आहे. चित्रात कोणी रडत नाही, कोणी हात पसरत नाही. पण ते उगारलेले टिकाव पुढच्या क्षणी जमिनीवरच पडतील याची खात्री पाहणाऱ्याला वाटत नाही.

दुसरा अर्नेस्ट कोल, छायाचित्रकार. वर्णभेदी राजवटीने १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाची वंशाप्रमाणे नोंद केली होती. कोलने आपले आडनाव बदलून ‘मिश्रवर्णीय’ अशी नोंद करून घेतली, कारण त्याशिवाय त्याला हिंडता-फिरता येत नव्हते. मग त्याने खाणीत भरती होणारे मजूर टिपले: वैद्यकीय तपासणीसाठी नागडे, भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभे. त्याने मोलकरणी टिपल्या, गच्च भरलेल्या आगगाड्या टिपल्या. १९६६ मध्ये त्याने देश सोडला, १९६७ मध्ये न्यूयॉर्कहून पुस्तक निघाले आणि मायदेशात त्यावर बंदी आली. फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला सुटले, त्यानंतर जेमतेम आठवड्यात कोल न्यूयॉर्कमध्ये वारला.

मी वकिली करतो, म्हणून मला यात कलेइतकाच पुरावा दिसतो. राजवटीच्या कागदावर त्या मजुरांनी ‘स्वेच्छेने’ करार केला होता. कोलच्या फोटोने तो कागद खोटा पाडला.

आता कर्जत-खालापूरच्या वीटभट्टीवर या. भातकापणी उरकली, दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जातात. नवरा-बायकोची जोडी धरली जाते, पोरे हाताखाली राबतात ती हिशोबात नसतात. चिखल तुडवायचा, साच्याने विटा पाडायच्या, वाळवायच्या, भट्टी रचायची. आठवड्याला खर्ची मिळते आणि पावसाच्या तोंडावर हिशोब होतो. वही मालकाची, अक्षर मालकाचे! उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच दारात. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कलम १५ नुसार, मजुराने हे कर्ज वेठबिगारीचे आहे असे म्हटले, तर तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मजुराच्या बाजूनेच गृहीत धरायला सांगितले. कायदा इतका चांगला, पण तक्रार करणाऱ्याच्या हातात आहे काय? ना वही, ना फोटो.

याच तालुक्यांतल्या फार्महाऊसच्या भिंतींवर मात्र वारली चित्रे हौसेने रंगवलेली असतात. वारली चित्रात पेरणी आहे, कापणी आहे, मासेमारी आहे. बंगलेवाल्याला हवा असतो फक्त तारप्याचा नाच.

आपल्या माणसांनी हे काम केलेच नाही असे नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे, गटारात उतरणाऱ्या बांधवांचे फोटो वर्षानुवर्षे काढले. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. नागपूरचे सवी सावरकर (आडनावावरून गैरसमज नको!) यांनी गळ्यात मडके आणि मागे झाडू बांधलेला पेशवाईतला अस्पृश्य चितारला, देवदासी चितारली. पण ही चित्रे आपल्या किती विहारांत पोहोचली? आपल्या विहारात तथागत आणि बाबासाहेब आहेत, ते असलेच पाहिजेत. पण आपल्या आजोबांची येसकरकी, मेलेले ढोर ओढणे, रात्री-अपरात्री सांगावा घेऊन धावणे कसे दिसत होते हे दाखवणारे चित्र तिथे नाही. ज्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक आणले, ते आज विशीतल्या पोराच्या डोळ्यांपुढे उभेच राहत नाही. त्यामुळे शेजारच्या भट्टीवरचा कातकरीही त्याला आपला वाटत नाही.

दिवाळीनंतर भट्ट्या पुन्हा लागतील. आपल्या तरुणांच्या हातात मोबाइल आहे. जयंतीच्या मिरवणुकीचे शेकडो फोटो निघतात. त्यांनी कातकरीवाडीत जावे, त्या माणसांना विचारून, त्यांच्या संमतीने कामाचे, खोपटाचे, खर्चीच्या दिवसाचे फोटो काढावेत, तारीख घालून जपावेत. त्याहून बरे म्हणजे वाडीतल्याच पोरापोरींना मोबाइल चालवायला द्यावा. त्यांची मांडणी पहिल्यांदा विहारात करावी आणि एक प्रत प्रांत कार्यालयातल्या दक्षता समितीकडे पोच घेऊन द्यावी.