कामातलं समाधान: चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

शेगावच्या गजानन महाराज संस्थानातली स्वच्छता, शिस्त आणि भाविकांना ‘माउली’ म्हणणारे सेवाधारी पाहून अनेक साहेबांना वाटतं, आपल्या कार्यालयातही अशीच माणसं हवीत. इच्छा चांगली आहे. पण त्यातून काढलेले निष्कर्ष बरेचदा चुकतात आणि त्याची किंमत हाताखालची माणसं मोजतात.

गैरसमज १: मनापासून काम करणाऱ्याला पैशाचं महत्त्व नसतं.

वस्तुस्थिती: सेवाधारी स्वेच्छेने, पाळीपाळीने येतात, त्यांचं घर दुसऱ्या कमाईवर चालतं. नोकरदाराचं घर पगारावरच चालतं. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये मांडलं की, कामाचा अर्थ, जबाबदारी आणि कौतुक यांतून समाधान मिळतं. मात्र अपुऱ्या पगाराने असमाधान वाढतं. कौतुक पगाराची जागा घेत नाही. शेगावच्या बुलढाणा जिल्ह्यासह राज्यभर गावोगावी आरोग्यसेवेत राबणाऱ्या ‘आशा’ कार्यकर्त्यांना सरकार ‘स्वयंसेविका’ म्हणतं. तरीही 2023-24 मध्ये त्यांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. कामावरची माया आणि हक्काची मागणी एकाच मनात नांदू शकतात.

गैरसमज २: भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे गोड बोलणं आणि राग गिळणं.

वस्तुस्थिती: मानसशास्त्रज्ञ पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी 1990 मध्ये ही संकल्पना मांडली, ती स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखून त्यांचा विचारात आणि वागण्यात उपयोग करण्याविषयी. राग ओळखून “हे काम एका माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे,” असं शांतपणे सांगणं हीसुद्धा भावनिक बुद्धिमत्ताच. मनात नसताना दिवसभर हसतमुख राहणं हेही श्रमच असतात, हे समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्येच दाखवून दिलं.

गैरसमज ३: यशात 80 टक्के वाटा भावनिक बुद्धिमत्तेचा असतो.

वस्तुस्थिती: डॅनियल गोलमन यांच्या 1995 च्या पुस्तकाचा हा चुकीचा अर्थ आहे. यशात बुद्ध्यांकाचा वाटा फार तर 20 टक्के, असं त्यांनी लिहिलं. उरलेल्यात घरची परिस्थिती आणि नशीबही येतं.

गैरसमज ४: 93 टक्के संवाद देहबोली आणि आवाजातून होतो, शब्द गौण.

वस्तुस्थिती: मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे 1967 चे प्रयोग आवड-नावड व्यक्त करण्यापुरते होते. ते आकडे सगळ्या संवादाला लागू नाहीत. कामाच्या सूचनेत तर शब्दच महत्त्वाचे. “जरा लवकर करा” याने गोंधळच होतो. “चार वाजेपर्यंत ही दहा प्रकरणं तपासा” यातून काम कळतं.

शेगावची शिस्तही नुसत्या गोड स्वभावावर उभी नाही. तिथे कामं वाटून दिलेली असतात, आणि 2021 मध्ये निवर्तलेल्या शिवशंकरभाऊ पाटलांसारख्या विश्वस्तांनी साधेपणा आधी स्वतः पाळला. म्हणून कर्मचाऱ्यांना ‘सकारात्मक राहा’ असं प्रशिक्षण देण्याआधी साहेबांनी तीन गोष्टी तपासाव्यात: पगार वेळेवर होतो का, प्रत्येकाला आपलं काम नेमकं माहीत आहे का, आणि अडचण सांगणाऱ्याला भीती वाटते का?