संगणक : प्रारंभीचा काळा पडदा

मेजावरील संगणक चालू केल्यावर मॉनिटरच्या पडद्यावर अपेक्षित अक्षरे वा चिन्हे न उमटता तो काळाच राहिल्यास त्या अवस्थेस प्रारंभीचा काळा पडदा असे म्हणतात. हा एक स्वतंत्र दोष नसून अनेक भिन्न दोषांचे समान लक्षण होय. विद्युत् पुरवठा, जोडण्या, स्मृती, चित्रनिर्मिती करणारे मंडल, मॉनिटर व परिचालन प्रणाली यांपैकी कोणत्याही घटकातील बिघाडामुळे ते दिसून येते. यांतील बहुतेक बिघाडांचा हार्ड डिस्कवर साठविलेल्या माहितीशी संबंध नसतो. तथापि पडदा काळा झाला म्हणजे माहितीही गेली, अशा समजुतीने पुष्कळदा डिस्क पुसून परिचालन प्रणाली नव्याने बसविली जाते आणि सहज दुरुस्त होण्याजोगा दोष कायमच्या हानीस कारणीभूत होतो.

प्रारंभाचा क्रम : दोषाचे स्थान शोधण्यासाठी संगणक कोणत्या क्रमाने सुरू होतो, हे लक्षात घ्यावे लागते. एसएमपीएस या नावाने ओळखला जाणारा विभाग २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे १२, ५ व ३·३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहांत रूपांतर करतो. हे दाब स्थिर झाल्याचा संकेत मदरबोर्डला मिळाल्यावरच प्रक्रियकाचे कार्य सुरू होते. त्यानंतर मदरबोर्डवरील एका संकलित मंडलात कायम साठविलेली आज्ञावली स्मृती, चित्रमंडल इ. घटकांची तपासणी करते. या क्रियेस स्वयंचाचणी म्हणतात. १९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएम पीसी या संगणकातही ती होती. चाचणी पुरी झाल्यावर पडद्यावर उत्पादकाचे चिन्ह दिसते व सर्वांत शेवटी डिस्कवरील परिचालन प्रणाली स्मृतीत आणली जाते. यावरून असे दिसते की, उत्पादकाचे चिन्हही न दिसता पडदा काळा राहिल्यास दोष बहुधा डिस्कच्या अलीकडील टप्प्यात असतो. चिन्ह दिसून गेल्यावर पडदा काळा पडल्यास मात्र परिचालन प्रणाली, चित्रमंडलाची चालक आज्ञावली किंवा डिस्क यांचा विचार करावा लागतो.

परीक्षण : प्रथम मॉनिटरचा दिवा पाहावा. तो लागत नसल्यास मॉनिटरचा स्वतंत्र पुरवठा तपासावा. लागत असल्यास केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का आणि मॉनिटरवर योग्य जोडणी निवडली आहे का, हे पाहावे. संगणकात स्वतंत्र ग्राफिक कार्ड असताना केबल मदरबोर्डच्या खाचेत जोडल्यामुळेही पडदा काळा राहतो. विजेरीचा प्रकाश पडद्यावर तिरपा टाकल्यास अंधूक चित्र दिसत असेल, तर केवळ पडद्यामागील प्रकाशयोजना बिघडली आहे, असे समजावे.

संगणकाचा पंखाच फिरत नसल्यास भिंतीवरील खटका, यूपीएस, केबल व एसएमपीएस यांची या क्रमाने तपासणी करावी. पंखा फिरत असल्यास कळफलकावरील नम लॉक ही कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असल्यास संगणक कार्य करीत असून दोष चित्रदर्शनाच्या बाजूस असण्याचा संभव अधिक असतो. काही संगणक दोषाची सूचना ध्वनीने देतात. मूळ आयबीएम पीसीमध्ये एक दीर्घ व दोन ऱ्हस्व ध्वनी चित्रमंडलातील दोष दर्शवीत. इतर उत्पादकांचे संकेत भिन्न असल्याने मदरबोर्डची पुस्तिका पाहावी लागते.

यानंतर पुरवठ्याची केबल काढून, पेटीच्या धातूच्या भागास स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत् नाहीशी करावी. मग रॅमच्या पट्ट्या काढून, संपर्क स्वच्छ करून त्या पुन्हा घट्ट बसवाव्यात. पट्ट्या एकाहून अधिक असल्यास एकेक बसवून पाहिल्याने सदोष पट्टी कळते. मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा नाण्याच्या आकाराचा घट काही मिनिटे काढून ठेवल्यास चुकीची मांडणी मूळपदावर येते. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये. पुरवठा तोडल्यावरही तिच्यातील धारित्रांत ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो.

प्रादेशिक परिस्थिती : या दोषाच्या कारणांवर स्थानिक हवामान व विद्युत् पुरवठा यांचाही परिणाम होतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. त्यामुळे येथे उन्हाळा कडक व धूळ पुष्कळ असते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसाची शेती वाढली व माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इ. ठिकाणी साखर कारखाने निघाले. गाळपाच्या हंगामात चिपाडांवर चालणाऱ्या बाष्पित्रांच्या धुराड्यांतून निघणारी बारीक राख आसपासच्या भागात बसते. अशी धूळ व राख पंख्यांवर साचल्यास आतील तापमान वाढते. तापमानातील दर १०° से. वाढीमागे विद्युत् विच्छेद्य धारित्रांचे आयुष्य साधारणतः निम्मे होते. डोक्यावर फुगलेली धारित्रे हे याचे दृश्य लक्षण होय. पावसाळ्यात हीच धूळ ओलावा धरते व रॅमचे संपर्क बिघडतात. कृषिपंप एकाच वेळी चालू झाल्यास विद्युत् दाब घटतो. खंडित पुरवठा परत येताना तो क्षणभर वाढू शकतो. यास्तव वीज गेल्यावर संगणकाचा खटका बंद करणे व पुरवठा स्थिर झाल्यावर काही मिनिटांनी तो चालू करणे हितावह असते.

माहितीचे संरक्षण : दूध संकलन केंद्रे, पतसंस्था, विकास सोसायट्या यांच्या सभासदांचे हिशेब अनेकदा एकाच संगणकात असतात. अशा ठिकाणी यंत्राच्या किंमतीपेक्षा आतील नोंदींचे मोल मोठे असते. म्हणून दोषाचे स्थान निश्चित होईपर्यंत डिस्कवर काहीही नव्याने लिहू नये. मदरबोर्ड निकामी झाला, तरी डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडल्यास माहिती बहुधा वाचता येते. डिस्क कूटबद्ध केलेली असल्यास तिची पुनःप्राप्ती किल्ली जवळ असावी लागते. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास मात्र ती त्वरित बंद करून तज्ञाकडे द्यावी. वारंवार चालू केल्याने हानी वाढते. नोंदींची एक प्रत नियमितपणे दुसऱ्या जागी ठेवली असल्यास काळा पडदा ही केवळ दुरुस्तीची बाब राहते.