नऊ एकांचा वर्ग

१११११११११ या संख्येचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. एकापासून नऊपर्यंत चढत जाणारे आणि पुन्हा एकापर्यंत उतरणारे अंक पाहून बहुतेक जण ‘गणितातली गंमत’ म्हणून पान उलटतात. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ गणित शिकवणारे द. रा. कापरेकर मात्र अशा संख्यांपाशी थांबले. त्यांना त्यांनी ‘डेमलो संख्या’ असे नाव दिले. डेमलो म्हणजे आजचे डोंबिवली स्थानक. ही कल्पना त्यांना तिथे सुचली. गंमत मानून सोडून दिलेल्या या संख्येत गणिताचा खरा गाभा आहे, आणि तो शाळकरी मुलालाही दाखवता येतो.

त्यासाठी कुठल्याही वर्गात फळ्यावर हा गुणाकार उभा मांडावा. एकाखाली एक नऊ ओळी येतात; प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या स्तंभात एकच एक, दुसऱ्यात दोन, मधल्या स्तंभात नऊ. तिथून पुढे एकेक कमी होत जातो. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या स्तंभातल्या एकांची मोजणी. कुठेच दहा होत नाहीत, म्हणून हातचा येत नाही आणि मोजणी जशीच्या तशी उमटते. दहा एकांचा वर्ग करून पाहा: मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा पुढे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येते. डौल नेमका कुठे मोडतो आणि का, हेही त्याच मांडणीतून कळते. नऊ एकांचे उत्तर ही वर्गसंख्या असल्याने तिच्या अवयवांतही जोड्याच दिसतात: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. या तिन्ही मूळ संख्या आहेत.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. इंग्रज गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० साली लिहिले, की अंकांच्या मांडणीवर बेतलेली अशी सत्ये कोड्यांच्या सदरात शोभतात, गणितज्ञाला त्यांत काही सापडत नाही. दहा बोटांमुळे आपण दहाच्या पटीत मोजतो. मोजणी बदलली की गंमत संपली, असे कोणी म्हणेल. पण ती संपत नाही. आठाच्या पायावर, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पटीत मोजले तर, १११ म्हणजे आपले ७३. त्याचा वर्ग ५३२९, आणि आठाच्या पायावर तो पुन्हा १२३२१ असाच लिहिला जातो. कारण १ + क्ष + क्ष² या राशीचा वर्ग केला की सहगुणक १, २, ३, २, १ येतात, मग क्षच्या जागी दहा ठेवा वा आठ. पायानुसार बदलतो तो फक्त हातचा येण्याचा टप्पा. म्हणजे हा गुणधर्म लेखनपद्धतीपुरता नाही, बीजगणिताचा आहे. केवळ योगायोगाने जमलेल्या संख्या असतात, त्यांच्याबाबत हार्डींचे म्हणणे पटते. मात्र योगायोग कोणता आणि नियम कोणता, हे तपासल्याशिवाय ठरत नाही. म्हणून मुलांसमोर ही संख्या चमत्कार म्हणून ठेवू नये. नऊ एकांपर्यंत त्यांना स्वतः गुणाकार करू द्यावा, आणि दहाव्या एकाला काय होईल हे आधी सांगायला लावावे.