डाग कशाचा? डाग कशावर?

पेंटबॉल हा रंगाच्या गोळ्या झाडण्याचा खेळ. दाबाखालील वायूवर चालणाऱ्या बंदुकीतून सुमारे १७ मिलिमीटर व्यासाची गोळी सुटते, प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर फुटते आणि डाग पडलेला खेळाडू बाद होतो. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात १२ जणांनी हा खेळ पहिल्यांदा खेळला. त्यांच्या बंदुका मुळात जंगलातील झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी बनवलेल्या होत्या. खूण पावसात टिकावी म्हणून गोळीत तैलरंग असे. साहजिकच त्या काळी खेळ संपला की टर्पेंटाइनने अंग पुसावे लागे.

पुढे पाण्याने धुता येणारा रंग आला. तरीही वाळलेला डाग काढताना माणसे चुकतात. मीही चुकलो आहे. अमेरिकेत संशोधन करत असताना सहकाऱ्यांबरोबर एकदा हा खेळ खेळलो. भाड्याने घेतलेला मुखवटा दुसऱ्या दिवशी परत करायचा होता आणि त्याच्या काचेवर रंग वाळून बसला होता. मी तो प्रयोगशाळेतील अ‍ॅसिटोनने पुसला. रंग गेला, पण काच धुरकट झाली आणि तिच्या कडेला केसासारख्या भेगा पडल्या. मैदानाच्या व्यवस्थापकाने ती काच माझ्यादेखत मोडीत काढली. ते योग्यच होते. का, ते पाहू या.

गोळीत काय असते?

गोळीचे कवच जिलेटिनचे असते. जिलेटिन हे प्राण्यांच्या कातडी-हाडांतील कोलॅजेनपासून मिळणारे प्रथिन. औषधांच्या मऊ कॅप्सूल ज्या पद्धतीने बनवतात, त्याच पद्धतीने या गोळ्याही बनतात. इथे एक गमतीदार कोडे उभे राहते. आत पाण्यात कालवलेला रंग भरला, तर कवच मऊ पडून विरघळू लागेल. तेल भरले, तर कपडे पाण्याने धुतले जाणार नाहीत. मग भरायचे काय? उत्तर आहे पॉलिएथिलीन ग्लायकॉल. हा दाट द्रव जिलेटिनला विरघळवत नाही. मात्र त्याच्या साखळीतील ऑक्सिजनचे अणू पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंध जोडतात, त्यामुळे तो स्वतः पाण्यात सहज मिसळतो.

म्हणजे रंगासाठी आणि कवचासाठी द्रावक एकच, पाणी. फरक तापमानाचा. जिलेटिन थंड पाण्यात नुसते फुगते आणि सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात विरघळते. म्हणून बंदुकीच्या नळीत चिकटलेले अवशेष काढायला कोमट पाणी, थोडा साबण आणि फडके पुरते. पेट्रोल किंवा थिनर इथे उपयोगाचे नाही. उलट त्याने रबरी कड्या फुगून निकामी होऊ शकतात.

कपड्यावरचा डाग

सुती सदऱ्यावरचा डाग निघतो आणि लोकरीच्या किंवा नायलॉनच्या कपड्यावरचा राहतो, असे का व्हावे? खाद्यरंगांच्या जातीच्या अनेक रंगद्रव्यांत ऋणभारित सल्फोनेट गट असतात. लोकर, रेशीम आणि नायलॉन यांच्या तंतूंत अमिनो गट असतात. आम्लात त्यांना धनभार येतो आणि रंग त्यांना घट्ट धरून बसतो. सुती तंतू सेल्युलोजचा. त्यात असे गट नाहीत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. डागावर लिंबू किंवा व्हिनेगर चोळून गरम पाण्यात बुडवणे हा अनेकांचा घरगुती उपाय. पण आम्ल आणि उष्णता देणे हीच तर लोकर रंगवण्याची रीत! अशा कपड्यावरचा डाग ओला असतानाच गार पाण्याने, उलट्या बाजूने धुवावा आणि मग सौम्य साबण लावावा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नये.

काचेचे काय झाले?

मुखवट्याची ‘काच’ असते पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून ते आघात सोसते. अ‍ॅसिटोनचे रेणू या साखळ्यांमध्ये शिरून त्यांची पकड सैल करतात. साच्यात घडताना किंवा चौकटीत बसवताना राहिलेला ताण तिथे साखळ्यांना दूर ओढतो आणि भेग पडते.

आता हिशोब करा. गोळीचे वस्तुमान सुमारे ३ ग्रॅम आणि वेग सेकंदाला ९० मीटर धरला, तर गतिज ऊर्जा सुमारे १२ ज्यूल येते. १ किलोचे वजन सव्वा मीटरवरून पडावे, तेवढी! भेगाळलेल्या काचेवर हा आघात झाला, तर मागे असतो तो डोळा. म्हणून ती काच साध्या पाण्याने आणि मऊ फडक्यानेच पुसायची.

वर्गात करून पाहा

कॉडलिव्हर ऑइलच्या दोन कॅप्सूल घ्या. एक थंड पाण्यात आणि दुसरी कोमट पाण्यात टाकून दर पाच मिनिटांनी निरीक्षण करा.

पांढऱ्या लोकरीचा आणि सुताचा धागा खाद्यरंगाच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालून गरम करा. मग दोन्ही धागे धुऊन पाहा.

जुन्या सीडीच्या पारदर्शक बाजूवर अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाका. सीडी पॉलिकार्बोनेटचीच असते. अ‍ॅसिटोन ज्वालाग्राही आहे, म्हणून हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा. जवळपास ज्योत नसावी आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

आणि हो, शाळेच्या प्रयोगशाळेतील सुरक्षा-चष्मेही बहुधा पॉलिकार्बोनेटचेच असतात. ते कशाने पुसले जातात, याची एकदा चौकशी करावी.