आशेचा नांगर

सकाळची वेळ. एका शेगडीवर दूध, दुसरीवर तवा, आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीवर बातम्या. कुठं युद्ध, कुठं पूर, कुठं कुणी कर्जापायी जीव दिलेला. तव्यावरची पोळी जराशी जास्तच भाजली जाते, नाही का? मुलांचा डबा भरताना मनात येतं, कसल्या जगात पाठवतोय आपण यांना?

मागच्या ईस्टरला शेजारच्या वहिनी आमच्याकडे आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, “तुम्हां ख्रिस्ती लोकांत आशेबद्दल फार बोलतात. पण खरं सांगा हं, आशा ठेवायची तरी कशाच्या जोरावर?”

मी चहा ठेवायच्या निमित्तानं उठले आणि वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. म्हणून मैत्रिणींनो, आज तुमच्याशीच बोलते.

आशा म्हणजे ‘होईल सगळं ठीक’ असं म्हणणं नव्हे. हे मला फार महागात कळलं. 2021 च्या एप्रिलमध्ये आमचे थोरले दीर करोनानं गेले. आम्ही घरादारानं प्रार्थना केली होती, तरी गेले. त्यानंतर फोनवर कुणी ‘काळजी करू नका, देव आहे’ म्हटलं, की मला रागच यायचा. जाऊबाई तर दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असत.

जूनमध्ये एके दुपारी पाहते तो सासूबाई खाकी कागद काढून नातवंडांच्या पुस्तकांना कव्हरं घालत बसलेल्या. शाळा तर बंद! मी जरा चिडूनच म्हटलं, “आई, शाळा कधी उघडणार ते कुणाला ठाऊक?”

मान वर न करता त्या म्हणाल्या, “उघडेल तेव्हा पुस्तकं तयार हवीत.”

ज्यांचा मुलगा दोन महिन्यांपूर्वी गेला, ती आई हे बोलत होती. थोड्या वेळानं जाऊबाई उठल्या, शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी कात्री हातात घेतली. बोललं कुणीच नाही.

त्या दिवशी मला मार्काच्या शुभवर्तमानातल्या बायका आठवल्या. येशूला पुरल्यानंतर पहाटेच सुगंधी द्रव्यं घेऊन त्या कबरीकडे निघाल्या होत्या. कबरीच्या तोंडाशी भली मोठी धोंड. ती कोण सरकवणार, ही काळजी त्यांना वाटेतच पडली होती. उत्तर कुणापाशीच नव्हतं, तरी त्या परत फिरल्या नाहीत. जाऊन पाहतात तो धोंड बाजूला झालेली! येशू उठला आहे, मरणाचा शब्द शेवटचा नाही, ही बातमी सर्वांत आधी कळली ती या बायकांना. ख्रिस्ती माणसाच्या आशेचा जोर तो हाच.

बायबलातल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे. रोममधल्या भुयारी दफनभूमीत सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या माणसांच्या थडग्यांवर नांगर कोरलेले आहेत. मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. हा शब्द आला की आमची देशावरची मुलं बैलांचा नांगर काढतात. मग मी फळ्यावर जहाजाचा नांगर काढून दाखवते. पत्रातला नांगर अर्थात जहाजाचा. तो वादळ थांबवत नाही, जहाज वाहून जाऊ देत नाही, एवढंच. पण मला मुलांचा नांगरही खोटा वाटत नाही. एक नांगर धरून ठेवतो, दुसरा कामाला लावतो. आशेला दोन्ही लागतं.

हे दोन्ही पाहायचं असेल तर पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहा. 1870 नंतरच्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. झाडपाला खाऊन दिवस काढले. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास पायी देशभर हिंडले. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून ते झोपले. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या, आणि पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यापायी टीकाही पुष्कळ सोसली. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं.

1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपाशीपोटी आईबाप गमावलेल्या बाईनं खरं तर त्या बाजूला फिरकूसुद्धा नये. रमाबाई गेल्या, आणि शेकडो मुलींना वाचवून घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, तिथं एवढ्या मुली ठेवता येईनात. मग दौंड तालुक्यातल्या केडगावच्या माळावर त्यांनी सगळ्यांना नेलं. विहिरी खणल्या, शेती केली. मुली विणकाम शिकल्या, शिवण शिकल्या, आंधळ्या मुली ब्रेल शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून साध्या मराठीत बायबल आणायला घेतलं, तेव्हा छापखान्यात खिळे जुळवायला याच मुली होत्या. 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक! तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.

रमाबाईंएवढं आपल्याच्यानं होणार नाही, कबूल. पण पुस्तकांना कव्हरं घालणं तर होईल? बातम्या दिवसातून एकदाच बघा. दिवसभर ऐकून युद्ध थांबत नाही, आपले हात मात्र थांबतात. कुणाच्या घरी दुःख झालं तर ‘सगळं ठीक होईल’ म्हणू नका. डबा घेऊन जा, त्यांच्या मुलांचा तासभर अभ्यास घ्या. आणि रडू आलं तर खुशाल रडा. आशा ठेवणाऱ्या माणसानं रडू नये, असं कुठं आहे? लाजराच्या कबरीपाशी येशूसुद्धा रडला होता.

आमच्याकडे जेवताना दिरांची जागा अजून रिकामी वाटते. ती तशीच राहणार. पण आता दर जूनला कव्हरं घालायला जाऊबाईच बसतात. खाकी कागद त्या मे महिन्यातच आणून ठेवतात.

या ईस्टरला वहिनी आल्या, की चहा आधीच तयार ठेवीन आणि त्यांना हे सगळं सांगेन.