अनंताला झालंय तरी काय?

मुलुंड असो की बोरिवली, जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर अनंताचं एखादं झाड हमखास सापडतं. माणसाच्या उंचीचं, गर्द हिरवं, आणि फुललं की दुसऱ्या मजल्यापर्यंत घमघमाट. लेट शिफ्ट करून आलेल्याला गेटमधूनच कळतं, अनंत फुललाय! मग एका वर्षी कळ्या धरतात आणि न उमलताच गळून पडतात. शेंड्याची पानं पिवळी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लगेच कुणीतरी म्हणतं, ‘म्हातारं झालंय हो, काढून टाका. दोन बाइक लागतील तिथे.’

जरा थांबा. पंधरा-वीस वर्षं हे अनंताचं म्हातारपण नव्हे. नखाने फांदीची साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं, तर फांदी जिवंत आहे.

आता पानांकडे नीट बघा, कारण पिवळं आणि पिवळं यात फरक असतो. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील, तर झाडाला खत हवंय. पानं चिकट, वर काळी काजळी आणि मुंग्यांची रांग असेल, तर मिलीबग किंवा पांढरी माशी; पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग आठवड्याने एकदा कडुनिंबाचं तेल. माती ओली असूनही झाड मान टाकत असेल, तर पाणी तुंबून मुळं कुजताहेत. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्यागार असतील, तर झाडाला लोह मिळत नाहीये.

इथे आजीचा उपाय ठरलेला: बुंध्यात गंजके खिळे ठोसायचे. काही उपयोग नाही, बॉस! आपली मुंबई बसली आहे बेसाल्टवर. अंधेरीची गिल्बर्ट हिल त्याचाच उभा सुळका, आणि बेसाल्टमध्ये लोह भरपूर. म्हणजे माल गोदामात आहे, पण गोदामाला कुलूप. ते कुलूप चुन्याचं. अनंताला आंबट माती लागते, सामू साधारण ५ ते ६. हिमालयातला बुरांश, म्हणजे उत्तराखंडचा राज्यवृक्ष, याच स्वभावाचा. मातीत चुना वाढला की लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही.

आणि चुना येतो कुठून? आठवून बघा, बिल्डिंगचं रिपेअरिंग कधी झालं? प्लास्टर फोडलं, डेब्रिज बुंध्याशी टाकलं, वर पेव्हर ब्लॉक बसवले. त्यात भर बोअरवेलच्या जड पाण्याची. खात्री करायचीय? बुंध्याजवळची मूठभर कोरडी माती घ्या, त्यावर किचनमधलं व्हिनेगर ओता. फसफसलं, तर चोर सापडला.

उपाय एका रविवारी सुरू करता येतो, पावसाआधी केला तर उत्तमच. बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढा. वरचं डेब्रिज हाताने किंवा खुरप्याने उचला. कुदळ नको, अनंताची मुळं वरवरच असतात. त्या जागी कोकणातली लाल माती आणि चांगलं मुरलेलं कंपोस्ट घाला, पण खोड गाडू नका. वर सुक्या पानांचा थर. थोडं बागेचं गंधक मिसळा; ते माती हळूहळू आंबट करतं, त्याला महिने लागतात.

तोवर झाडाला तग धरायला हवा ना? शेतीच्या दुकानात चिलेटेड आयर्न मिळतं. चुनखडीच्या मातीसाठी ‘ईडीडीएचए’ लिहिलेलंच घ्या. ‘ईडीटीए’ अशा मातीत फारसं टिकत नाही. नुसता हिराकस मातीत टाकला, तर तोही कुलूपबंद होतो. पाणी शक्यतो पालिकेचं किंवा पावसाचं. आणि उरलेला दूध-साखरेचा चहा कुंडीत ओतणाऱ्या काकूंना प्रेमाने आवरा, त्याने फक्त मुंग्यांची पार्टी होते.

छाटणीची घाई नको. सुकलेल्या फांद्या आत्ता काढा, बाकीची हलकी छाटणी फुलं होऊन गेल्यावर. कळ्या धरल्या की पाण्यात खाडा करू नका. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी बादली, असं झालं की कळ्या गळतात.

महिना-दीड महिन्याने नवी पालवी बघा. ती हिरवी आली, की बाइकवाल्यांना ती फांदीच दाखवा. आणि पुढच्या रंगकामाच्या वेळी कॉन्ट्रॅक्टर येण्याआधी बुंध्याभोवती ताडपत्री अंथरायची, हे कमिटीकडून लिहून घ्या.